घरांतील मुंगी आणि अंगणांतील मुंगी



मुंगी हा विषय भाषणाला घेण्याइतका मोठा आहे काय, अशी शंका आपल्यांपैकीं कोणाच्या मनांत आली तर त्यांत नवल नाहीं. वाघ-सिंहांच्या गोष्टी ऐकावयास मनुष्य कान टवकारतो. परंतु वाघ आपल्या घरीं येत नाहीं, मुंगी रोज येते. सणाच्या आदल्या दिवशीं गृहिणीनें हौसेनें लाडवांचा डबा भरून ठेवावा आणि सकाळीं झांकण काढतांच आंत काळी रेघ हलतांना दिसावी, हा प्रसंग ज्या घरांत कधींच घडला नाहीं असें घर विरळा. अशा वेळीं घरांतील मंडळी जें करतात तेंहि ठरलेलें आहे. कोणी केरसुणी घेतो, कोणी फवाऱ्याचा डबा आणतो, कोणी विषारी खडूची रेघ ओढतो. दहा मिनिटांत शेंपन्नास मुंग्या मरून पडतात आणि आपण जिंकलों असें सर्वांना वाटतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तशीच रांग त्याच वाटेनें पुन्हां चाललेली असते.

असें कां होतें, आणि तें होऊं नये म्हणून काय करावें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. जी मुंगी दिसते ती मारून मुंग्या जात नाहींत. जी दिसत नाहीं तिच्यापर्यंत आपल्याला पोंचतां आलें पाहिजे. आणि घराबाहेर जी दिसते तिला बहुधा मारूंच नये. माझ्या सांगण्याचें सार इतकेंच.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतों, आणि ती पुण्याची आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यांतील साइक्स नांवाचा एक अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दख्खनच्या पाहणीच्या कामावर होता. त्याला प्राणिशास्त्राचा मोठा नाद. त्याच्या पुण्याच्या बंगल्यांत व्हरांड्यांतील एका लहान मेजावर फळें आणि मुरंबे मांडून ठेवलेले असत. मुंग्या चढूं नयेत म्हणून मेजाचे चारी पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले होते आणि मेज भिंतीपासून इंचभर दूर सरकविलें होतें. प्रथम मुंग्या पाण्याला बिचकल्या. पण पुढें तें इंच-दीड इंच पाणी ओलांडून त्या येऊं लागल्या. तेव्हां मेजाच्या पायांना पाण्याच्या वर टर्पेंटाइनचें कडें काढण्यांत आलें. कांहीं दिवस शांततेंत गेले आणि पुन्हां मिठाईवर मुंग्या! त्या येतात कोठून, हें कोणाला उमगेना. अखेर साइक्सनें प्रत्यक्ष पाहिलें, तें असें: मुंगी भिंतीवर मेजाच्या वर सुमारें फूटभर चढे, आणि तेथून अंग झोंकून देऊन मेजावरच्या कापडावर पडे. एकीमागून दुसरी, दुसरीमागून तिसरी. साइक्सचा मुंग्यांवरील लेख १८३५ सालीं लंडनच्या कीटकशास्त्र-मंडळाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेला आहे.

मुंगीला बुद्धि किती, हा वाद आपण पंडितांकडे सोंपवूं. आपल्याला यांतून घ्यावयाचा धडा वेगळा आहे. शेंकडों मुंग्या शेंकडों दिशांनीं भटकत असतात. त्यांपैकीं एकीला जरी वाट सांपडली तरी ती सर्वांची वाट होते. म्हणून नुसतें कुंपण घालून भागत नाहीं. कुंपणाला भोंक कोठें आहे तें बसून पाहावें लागतें.

आमच्या शेजारीं एक वृद्ध बाई पक्षाघातानें अंथरुणाला खिळल्या होत्या. रात्रीं त्यांच्या अंगावर मुंग्या चढत, आणि त्यांना हात हलवून त्या झाडतांहि येत नसत. मुलानें खाटेचे चारी खूर पाण्याच्या वाट्यांत ठेवले, तरी मुंग्या येतच. एके संध्याकाळीं मी त्या खोलींत बसलों असतां माझी नजर वर गेली. मच्छरदाणीची दोरी खिडकीच्या गजाला बांधलेली होती, आणि त्या दोरीवरून रांग सावकाश खालीं उतरत होती. दोरीला मध्यें वितभर व्हॅसलिन फांसलें, चादरीचें लोंबतें टोंक वर खोंचलें, उशाशीं असलेली औषधाच्या गोड सरबताची बाटली पुसून बंद डब्यांत ठेवली; त्या रात्रीं बाईंना झोंप लागली. मुंगी ही केवळ साखरेची नासाडी करणारी नव्हे. तान्हें मूल, अर्धांगाचा रोगी, शस्त्रक्रियेनंतर पडून असलेला मनुष्य, ह्यांच्या बाबतींत ती खरोखर पीडा होते. फारो मुंगी या नांवाची एक बारीक पिंवळसर मुंगी आहे; लांबी जेमतेम दोन मिलिमीटर. तिला हें नांव लिनीअसनें १७५८ सालीं दिलें. ती रुग्णालयांत रोगजंतु एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं वाहून नेते, असें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत १९७२ सालीं दाखविण्यांत आलें.

आतां मुंगीचा संसार कसा चालतो तें थोडक्यांत पाहूं. कारण तो समजल्यावांचून उपाय समजणार नाहीं. आपल्याला रांगेंत दिसतात त्या सर्व कामकरी मुंग्या, आणि त्या सर्व माद्या असतात. परंतु वंश वाढविण्याचें काम त्यांचें नाहीं. तें काम राणीचें. ती बिळांत, भिंतीच्या भेगेंत, फरशीखालीं, कुंडीच्या मातींत बसलेली असते आणि अंडीं घालीत असते. कांहीं जातींत एकच राणी असते, कांहींत अनेक. युरोपांतील काळ्या बागमुंगीची एक राणी शास्त्रज्ञांच्या देखरेखीखालीं अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे! अशी जननी सुरक्षित असतां बाहेर आलेल्या शंभर कामकरी मारून काय होणार? झाडाचीं पानें तोडून मूळ उपटल्याचें समाधान मानण्यासारखेंच तें आहे.

दुसरी गोष्ट वाटेची. खाद्य सांपडलेली मुंगी घरीं परततांना जमिनीवर एका गंधद्रव्याची सूक्ष्म रेघ ओढीत जाते. तिच्या मागोमाग दुसऱ्या येतात, त्याहि परततांना तीच रेघ गडद करतात. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ विल्सन यानें १९५९ सालीं तांबड्या दंश करणाऱ्या मुंगीच्या पोटांतील ज्या ग्रंथींतून हें द्रव्य येतें ती शोधून काढली. आपण मुंग्या झाडतों, पण ती अदृश्य रेघ तशीच राहते; म्हणूनच नवी रांग जुन्याच वाटेनें येते.

तिसरी गोष्ट पोटाची. मोठ्या मुंगीला घट्ट अन्न गिळतां येत नाहीं. ती द्रव पदार्थच गिळते. आणि तिच्या पोटाचे जणूं दोन कप्पे असतात. एक स्वतःचा, दुसरा समाजाचा. समाजाच्या कप्प्यांत भरून आणलेला रस ती घरीं गेल्यावर बहिणींच्या तोंडांत घालते; त्यांच्याकडून तो बालकांना आणि राणीला पोंचतो. आपल्या हातीं जो उपाय आहे तो नेमका ह्या वांटून खाण्याच्या रीतीवर उभारलेला आहे.

उपायांचा क्रम मी असा लावतों: आधीं आमंत्रण बंद करावें, मग वाट पुसावी, आणि तरीहि मुंग्या राहिल्या तर मग विषाकडे वळावें.

आमंत्रणें कोणतीं, तें रात्रीं दिवे मालविण्यापूर्वीं घरांतून एक फेरी मारून पाहावें. मोरींतील खरकटीं भांडीं, ओट्याच्या कडेला सांडलेला चहा, देवघरांतील नैवेद्याची वाटी आणि साखरफुटाण्यांची पुडी, मुलांच्या दप्तरांतील खाऊचा डबा, मांजराची बशी, केराची टोपली. गुळाच्या आणि मधाच्या बरण्या बाहेरून ओल्या फडक्यानें पुसून ठेवाव्या. झांकणाला रबराचें कडें असावें, कारण साध्या फिरकीच्या झांकणांतून बारीक मुंगी सहज शिरते. एक सूचना येथेंच करून ठेवतों. न्हाणीघरांत वा शौचकूपांत लघवीच्या जागीं मुंग्या जमूं लागल्या तर ती गोष्ट हंसण्यावारी नेऊं नये. चरकसंहितेंत प्रमेहाच्या पूर्वचिन्हांत हें लक्षण सांगितलेलें आहे. घरांतील मोठ्या माणसांनीं रक्तांतील साखर तपासून घ्यावी.

वाट पुसण्यासाठीं साबणाचें पाणी उत्तम. रांग कोठून येते आणि कोठें जाते हें आधीं पांच मिनिटें स्वस्थ बसून पाहावें. घाईनें झाडलें तर भोंक कधींच सांपडत नाहीं. मग रांगेची सबंध वाट साबणाच्या पाण्यानें घांसून पुसावी, आणि भेग पांढऱ्या सिमेंटनें वा लांबीनें बुजवावी. हळद, कापूर, लिंबाचा रस यांनींहि मुंग्या कांहीं काळ बिचकतात. परंतु वास उडाला कीं त्यांचा प्रभाव संपला. कपाटाचे पाय पाण्याच्या थाळ्यांत ठेवण्याची आपल्याकडील जुनी रीत चांगली आहे. मात्र त्या पाण्यांत साबणाचे दोन थेंब टाकावे. नुसत्या पाण्यावर धूळ बसली म्हणजे तिचाच पूल होतो. साबणानें पाण्याचा पृष्ठभाग मुंगीला पेलूं शकत नाहीं. आणि आठ दिवसांच्या आंत तें पाणी ओतून थाळी घांसून टाकावी. नाहीं तर मुंगी घालवून डांस पोसल्यासारखें होईल.

एवढें करूनहि मुंग्या हटल्या नाहींत तर त्यांचें घर आपल्याच भिंतींत आहे असें समजावें, आणि आमिष मांडावें. कपभर, म्हणजे सुमारें शंभर मिलिलिटर, कोमट पाण्यांत दोन चमचे साखर विरघळवावी आणि त्यांत एक ग्रॅम, म्हणजे सपाट पाव चमचा, बोरिक पावडर घालावी. बोरिक पावडर न मिळाल्यास टाकणखार दीड ग्रॅम घ्यावा. हा पाक कापसाच्या बोळ्यावर घालून तो बोळा बाटलीच्या झांकणांत ठेवावा आणि झांकण रांगेच्या कडेला ठेवावें. पहिल्या दिवशीं मुंग्यांची गर्दी वाढेल. ती पाहून घाबरूं नये आणि त्यांना मारूं नये. त्या आपलें काम करीत आहेत. दोन-तीन दिवसांनीं बोळा वाळला कीं नवा ठेवावा. रांग विरळ होण्यास कधीं आठवडा लागतो, कधीं तीन-चार आठवडे.

येथें पुष्कळांचा हात सैल सुटतो. पाव चमच्यानें काम होतें तर दोन चमच्यांनीं लवकर होईल, असें त्यांना वाटतें. होतें उलट. पाक जहाल झाला तर मुंगी एक तर त्याला तोंड लावीत नाहीं, नाहीं तर वाटेंतच मरते. राणीपर्यंत घोट पोंचतच नाहीं. तीव्र फवाऱ्याचा दोष हाच. आणि फारो मुंगीच्या बाबतींत तर फवारा मारल्यानें एका वारसाचीं चार बिऱ्हाडें होतात, कारण तिच्या वसाहतींत अनेक राण्या असतात आणि धोका दिसतांच त्या पांगून निरनिराळ्या भेगांत नवे संसार थाटतात. मुंग्यांनीं गोड पाक घेतला नाहीं तर शेंगदाण्याच्या कुटांत थोडें तूप आणि चिमूटभर बोरिक पावडर मळून पाहावी. तांबड्या मुंगीला स्निग्ध पदार्थ अधिक रुचतात.

आतां सावधगिरीचे शब्द, आणि ते मी मुद्दाम सावकाश उच्चारतों. बोरिक पावडर दिसावयास पिठीसाखरेसारखी असते, आणि ती पोटांत जाणें धोक्याचें आहे. ती स्वयंपाकघरांत ठेवूं नये; पुडीवर ठळक अक्षरांत ‘विष’ असें लिहावें; ती मापण्याचा चमचा पुन्हां जेवणांत वापरूं नये. आमिषाचें झांकण उघडें न ठेवतां एखाद्या प्लास्टिकच्या डबीला बारीक भोंकें पाडून तिच्या आंत ठेवावें, म्हणजे मुंगी आंत जाईल, बाळाचें बोट जाणार नाहीं. चुकून कोणाच्या पोटांत गेलेंच तर घरगुती उपचारांत वेळ न दवडतां पुडीसह डॉक्टरांकडे जावें. कोठें कोणाच्या माळ्यावर जुन्या काळची गॅमेक्सीनची वा डी. डी. टी. ची भुकटी पडलेली असेल तर ती ‘फुकट कां घालवा’ म्हणून काढूं नका. गॅमेक्सीन ज्या वर्गांतलें, त्या बी. एच. सी. वर आपल्या देशांत १९९७ सालीं बंदी आली, आणि डी. डी. टी. चा शेतींतील वापर १९८९ सालींच बंद झाला. हीं द्रव्यें वर्षानुवर्षें मातींत आणि प्राण्यांच्या चरबींत टिकून राहतात. मुंगी मरेल, पण भुकटी उरेल.

आतां उंबरठा ओलांडून अंगणांत येऊं. येथें माझा सल्ला बदलतो. जास्वंदीवर, कढीलिंबावर, सीताफळावर मुंग्यांची ये-जा दिसली कीं त्या झाड खातात असा आपला समज होतो. पान उलटून पाहा. तेथें कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे पिठ्या ढेकूण किंवा हिरवा-काळा मावा असेल. हे किडे झाडाचा रस शोषतात आणि त्यांच्या अंगांतून गोड चिकट द्रव पाझरतो. आपण जशीं गुरें पाळतों तशा मुंग्या हे किडे पाळतात; त्यांना खाणाऱ्या ठिपक्यांच्या वाटोळ्या भुंगेऱ्यांना हांकलून देतात. त्या चिकट द्रवावर पुढें काजळी धरते आणि झाड खंगतें. तेव्हां मुंगीवर विष न टाकतां तिची गुरें सोडवावीं. किडे सौम्य साबणाच्या पाण्यानें धुवून काढावे. झाड मोठें असेल तर बुंध्याला चार बोटें रुंद कापडी पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावावें. सालीला मात्र तें लावूं नये. भिंतीला वा तारेला टेंकणाऱ्या फांद्या छाटाव्या. नाहीं तर साइक्सच्या मेजाची कथा पुन्हां घडेल. कुंडींत घर केलें असेल तर कुंडी अर्धा-पाऊण तास बादलीभर पाण्यांत कांठापर्यंत बुडवून ठेवावी. मुंग्या आपलीं बालकें तोंडांत धरून बाहेर पडतात. मुलांच्या खेळण्याच्या जागीं तांबड्या दंश करणाऱ्या मुंग्यांचें बीळ असेल तर झाडांच्या मुळांपासून तें दूर आहे हें पाहून त्यांत तीन-चार वेळां कढत पाणी ओतावें.

बाकीच्या मुंग्या असूं द्याव्या. त्या मेलेले किडे उचलून नेतात, माती पोखरून तींत हवा आणि पाणी खेळवितात. चौथ्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथांत संत्र्यांच्या बागांसाठीं मुंग्यांचीं घरटीं बाजारांत विकत मिळत, असा उल्लेख आहे. त्याच जातीच्या तांबड्या मुंग्या आपल्या कोंकणांत आंब्या-काजूवर पानें शिवून घरें करतात आणि काजूवरील ढेकण्यासारख्या किडींवर धाड घालतात.

सर्वांत मोठा उपकार निराळाच आहे. मुंगी ही वाळवीची हाडवैरीण. वाळवीला आपण मुंगीची बहीण समजतों. वस्तुतः ती झुरळाच्या कुळांतली. नागपंचमीला ज्या वारुळाची आपण पूजा करतों तें बांधणारीहि मुंगी नव्हे, वाळवीच. अंगणांतील सर्व मुंग्या मारल्या तर वाळवीला घराची वाट मोकळी होते. म्हणून दोघींतला फरक ओळखतां आला पाहिजे. पहिल्या पावसानंतर दिव्याभोंवतीं पंखांचे किडे जमतात. त्यांतला एक कागदावर घेऊन पाहा. कमर बारीक, मिशा कोंपरासारख्या वांकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांहून लांब असतील तर ती मुंगी, निश्चिंत असा. कमर नाहींच, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ आणि चारी पंख सारखे असतील तर ती वाळवी. असे पंख घरांतच ढिगानें गळालेले सांपडले तर चौकटी ठोकून पाहा, पुस्तकांचें कपाट भिंतीपासून ओढून पाहा, आणि जाणत्या माणसाला बोलवा. मुंगीच्या मागें लागून वाळवीकडे दुर्लक्ष केलें म्हणजे साखर वांचते आणि ग्रंथ जातात. चाळीस वर्षें पुस्तकांच्या सोबतींत काढलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला हा सौदा परवडणारा नाहीं, आपल्यालाहि नसावा.

सारांश, घरांत मुंगीला आमंत्रण नको. आली तर तिच्या घरापर्यंत पोंचण्याइतका धीर हवा. आणि अंगणांत तिला तिची जागा द्यावी. ज्यांच्या घरीं मुंगीला साखर-पीठ घालण्याची चाल आहे त्यांनीं ती मोडण्याचें कारण नाहीं. फक्त तें कुंपणापाशीं घालावें, उंबरठ्यापाशीं नको.

आज रात्रीं दिवे मालविण्यापूर्वीं ती एक फेरी तेवढी माराच.